बेल्जियमचं पिस्तूल आणि माझा उजवा हात

पिस्तुलात दोष नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत ताणून धरायची हौस आता उरलेली नाही. वर्षभर मी त्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो. स्प्रिंग बदलून पाहिली, गोळ्या बदलून पाहिल्या, विकणाऱ्याच्या देवघरापासून पोलीस ठाण्याच्या कोठीपर्यंत सगळ्यांना नावं ठेवून झाली. ज्या हाताने ते धरत होतो तेवढा सोडून बाकी सगळं तपासलं. त्या हाताचं पुढे काय होणार हे आता डॉक्टरांनी सांगितलं आहे, आणि हे मी डाव्या हाताच्या एका बोटाने मोबाइलवर अक्षर-अक्षर दाबत लिहितो आहे. चुका राहिल्या तर राहिल्या.

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. आधी मशीनवर आणि नंतर तपासणीच्या टेबलावर. तयार झालेला भाग हातात आला की मी आधी त्यावरून अंगठा फिरवायचो. कुठे केसाएवढा उंचवटा राहिला असेल तर अंगठा थांबायचा. मग मायक्रोमीटर लावायचा, तो फक्त लोकांची खात्री पटावी म्हणून. गाणाऱ्यांना कान असतो म्हणतात, तसा मला हात होता. त्या हाताचा मला माज होता. निवृत्त झालो तेव्हा शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ मागे पडतं, पण हात मी घरी घेऊन आलो याचं समाधान होतं.

माझ्या छंदाला पत्नी ‘भंगार’ म्हणते. दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तू मी जमवतो. देवळाली कॅम्पच्या जुन्या बाजारातून, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या गोठ्यातून आणलेल्या. होकायंत्र आहे, शिपायाची पाण्याची बाटली आहे, पत्र्याचा डबा आहे, हँडल फिरवून वाजवायचा सैन्याचा टेलिफोन आहे. टेलिफोन आणला त्या दिवशी पत्नीने विचारलं, ‘‘हा कोणाला लावणार? हिटलरला?’’ पण पुसायला कपडा तीच द्यायची.

कारण होतं, आणि ते तिलाही माहीत होतं. माझे आजोबा त्या युद्धात होते. ब्रह्मदेशात होते की इराकमध्ये, हे आमच्या घरात कोणी नीट विचारून ठेवलं नाही. परत येताना त्यांनी ॲल्युमिनियमचा एक मग आणला. मग चांगला जाड होता, पण गावच्या विहिरीवर तो भरायची परवानगी नव्हती. लढाई जिंकून आलेला माणूस पुन्हा गावकुसाबाहेर जाऊन राहिला. त्या मगाशेजारी ठेवायला मी आयुष्यभर काहीतरी शोधत होतो. पिस्तूल मिळालं तर, असं मनात यायचं. हुद्द्याच्या माणसाच्या कमरेला असायचं ते. आजोबांच्या हातात कधी आलं नसेल.

पिस्तूल असं बाजारातून उचलून आणता येत नाही. परवाना लागतो. त्यासाठी मी नेमबाजीच्या क्लबाचा सभासद झालो, दुसऱ्यांच्या पिस्तुलांवर शिकलो, स्पर्धेत दोनदा उभा राहिलो, आणि आयुक्तालयात इतक्या खेपा घातल्या की तिथला चहावाला मला न विचारता बिनसाखरेचा देऊ लागला. परवाना हातात आला त्या दिवशी मी पत्नीला पेढा दिला. तिने तो खाल्ला आणि म्हणाली, ‘‘बुद्धमूर्तीच्या खोलीत मात्र ते ठेवायचं नाही. आधीच सांगून ठेवते.’’

क्लबातल्या एकाने पत्ता दिला. वणीच्या पुढे एका गावात, द्राक्षाच्या बागेत घर असलेला माणूस. वय माझ्याच आसपासचं. त्याच्या वडिलांनी इटलीत एका जर्मन अधिकाऱ्याकडून पिस्तूल काढून घेतलं होतं, पुढे रीतसर परवाना केला होता, आणि वडिलांनंतर तो याच्या नावावर आला होता.

‘‘या साहेब. आधी चहा घ्या,’’ तो म्हणाला. ‘‘पिस्तूल कुठं पळून नाय जात.’’

चहा झाला. मग त्याने देवघरातून लाल कापडातली गुंडाळी आणली आणि पाटावर ठेवून सोडली. मी पाहतच राहिलो. बत्तीस बोअरचं, लांब नळीचं, काळपट. बेल्जियमचा कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर तिथे बनलेलं. त्यावरचे शिक्के मला पाठ होते, पण त्याआधी माझा अंगठा त्यावरून फिरला. कानशीचे ओरखडे तसेच सोडलेले होते. शांततेच्या काळात असं काम कोणी बाहेर जाऊ देत नाही. कामगार घाईत असणार, नाहीतर परक्या साहेबासाठी मन लावून काम करायची त्याची इच्छा नसणार. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा राग माझ्या अंगठ्याला लागत होता. मी किमतीत घासाघीस केलीच नाही.

‘‘उडवलंय का कधी?’’ मी विचारलं.

‘‘नाय बा. कशाला उडवायचं? खंडेनवमीला पूजा करायची आन परत गुंडाळून ठेवायचं. लय जुनं हाय, पण पूजा एक वर्ष चुकली नाय.’’

‘‘मग विकता कशाला?’’

‘‘पोरं पुण्याला. त्यांला नको. आन निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, संपली की परत आणा. माझं गुडघं गेलं आता. देवाची वस्तू हाय, नीट ठिवा.’’

गुडघ्यांवरून त्याची थोडी चेष्टा केली मी. म्हणालो, माझं अजून सगळं धड आहे. त्याच्या आणि माझ्या अशा दोन्ही परवाना कार्यालयांच्या परवानग्या, नोंदी, सगळं उरकून पिस्तूल माझ्या नावावर आलं तेव्हा बागेत छाटणी सुरू झाली होती.

पहिल्यांदा रेंजवर नेलं त्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आमच्या रेंजवर शिकवणारी बाई आहे, चाळिशीची, आवाज करडा पण माणूस मऊ. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून मोठे असलेलेही. ती मागे उभी राहिली. मी पहिली गोळी झाडली. आवाज झाला, कागदाला भोक पडलं, आणि दुसऱ्यांदा चाप ओढला तर काहीच नाही. पाहिलं तर रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या वाटेत उभीच्या उभी अडकली होती आणि वरची स्लाइड तिला चावून बसली होती.

गोळी सुटली की मागच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, पुंगळी बाहेर फेकते, पुढे येताना नवी गोळी आत ढकलते. हे सगळं आपोआप व्हायला हवं. पुंगळी अडकली म्हणजे स्लाइड पूर्ण मागे गेली नाही. काढली, पुन्हा झाडली. पुन्हा अडकली. त्या सकाळी नुसतं हेच चाललं होतं.

‘‘जुनं आहे काका, होतं असं,’’ ताई म्हणाली. ‘‘उघडून बघा.’’

मला वाईट वाटलं नाही, उलट उत्साह आला. बिघडलेली वस्तू समोर असणं यासारखं सुख निवृत्त माणसाला नाही. घरी वर्तमानपत्र पसरलं आणि पिस्तूल सुटं केलं. आत पाहिलं आणि मी इतक्या जोरात हसलो की पत्नी पोळी तव्यावर टाकून बाहेर आली.

आत पूजा साठली होती. हळद, कुंकू, खोबरेल, नारळाचं पाणी, अक्षतांचे तुकडे, असं दर खंडेनवमीला वरून वाहिलेलं सगळं फटीफटीतून आत उतरलं होतं आणि वाळून त्याचा विटकरी रंगाचा थर झाला होता. स्लाइड जिथे सरकते त्या खाचेत तो सिमेंटसारखा बसला होता. घरातल्या दोन पिढ्यांनी भक्तीने ते पिस्तूल गच्च केलं होतं.

‘‘बघ,’’ मी पत्नीला म्हणालो, ‘‘देवाने अडवून ठेवलंय.’’

‘‘चांगलं केलं की मग,’’ ती म्हणाली आणि पोळी जळायला नको म्हणून आत गेली.

आमच्याकडे दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जायची पद्धत. शस्त्राला हळदकुंकू वाहणं मला लहानपणापासून परकं. त्यामुळे तो थर खरवडताना मला एक वेगळीच मजा येत होती. बांबूची काडी, दात घासायचा जुना ब्रश, रॉकेल. आठवडाभर रोज थोडं थोडं करत मी ते स्वच्छ केलं. ब्रश हातातून दोनतीनदा सुटला. रॉकेलने हात बुळबुळीत होतातच. मी विकणाऱ्याला फोन करून सांगितलं की तुमच्या पूजेने पिस्तूल बंद पडलं होतं. तो म्हणाला, ‘‘आमी देवाला वाहिलं साहेब. तुमच्या मशिनीला नाय.’’ मी फोन ठेवून पुन्हा हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटत नाही. तेव्हा हसायला कारण होतं एवढंच.

दुसऱ्या खेपेला रेंजवर गेलो तेव्हा स्लाइड पाण्यासारखी सरकत होती. पहिली गोळी गेली, पुंगळी उडून भिंतीला लागली. दुसरी गेली, तीही उडाली. ताईने टाळी वाजवली. तिसरी अडकली.

चौथीही अडकली. पुढचं सांगत नाही.

तपासणीच्या टेबलावर आम्हाला पहिली गोष्ट शिकवली होती ती ही, की बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं तर कशाने झालं ते कळत नाही. नव्या मुलांना मी हे ओरडून ओरडून शिकवलेलं. आता मी तसंच करू लागलो. आधी गोळ्या बदलल्या. मग गोळ्या भरायचं मॅगझिन बदललं, तसलंच जुनं, मोठ्या खटपटीने मिळवलेलं. मग शहरातल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे गेलो आणि त्याच्या कारागिराकडून स्प्रिंग बदलून घेतली. दर वेळी एखाददुसरी गोळी नीट जायची आणि पुढची अडकायची.

मग निवडणूक लागली. सगळ्या परवानाधारकांसारखं मीही पिस्तूल ठाण्यात जमा केलं आणि पावती घेतली. ते महिने घरात फार कंटाळवाणे गेले. त्याच दिवसांत पत्नीने पहिल्यांदा म्हटलं की तुम्ही लोणच्याची बरणी माझ्याकडे का देता उघडायला?

‘‘झाकण घट्ट बसलंय,’’ मी म्हणालो.

‘‘मला उघडतं ते.’’

कुलपाची किल्ली फिरवताना मला दोन हात लागत होते. सकाळी शर्टाची वरची बटणं लावायला वेळ लागत होता, म्हणून मी टी-शर्ट घालू लागलो होतो. एकदा चहाचा कप बशीत नीट ठेवलाच गेला नाही. तिने म्हटलं, डॉक्टरला दाखवू या. मी खेकसलो. संधिवात आहे, वय झालं, थंडी आहे, तुला काय सगळ्यात रोग दिसतो, असं बरंच बोललो. ती उठून गॅलरीत गेली आणि कपडे वाळलेले नसतानाच काढू लागली.

निवडणूक संपली, पिस्तूल परत आलं, आणि आता तर जवळजवळ प्रत्येक गोळी अडकू लागली. मी ठाण्याच्या कोठीला शिव्या घातल्या. ओलीत ठेवलं असणार, स्प्रिंग मरगळली असणार. पुन्हा उघडून पाहिलं तर गंजाचा एक ठिपका नव्हता. स्प्रिंग नव्यासारखी. मी ती बोटांनी दाबून पाहिली आणि मला ती फार कडक वाटली. मग मी कारागिरावर चिडलो, की त्याने चुकीची बसवली.

त्या रविवारी रेंजवर मी एवढा वैतागलो की पिस्तूल खाली ठेवून म्हटलं, हे विकून टाकतो भंगारात. ताईने विचारलं, ‘‘काका, मी मारून बघू का?’’

तिने तेच पिस्तूल घेतलं. तेच मॅगझिन, माझ्या डब्यातल्याच गोळ्या. उभी राहिली आणि सगळं मॅगझिन रिकामं केलं, एकामागून एक. पुंगळ्या उजवीकडे उडत गेल्या आणि फरशीवर वाजत राहिल्या. एकही अडकली नाही. तिने पुन्हा भरलं, पुन्हा तसंच.

ती खूश झाली होती. मला वाटतं तिला वाटलं मीही खूश होईन. ‘‘पिस्तूल एकदम झकास आहे काका. तुमचं मनगट सैल पडतंय. हात सैल असला की धक्का हातातच जिरतो, स्लाइडला जोर मिळत नाही. घट्ट धरायचं फक्त.’’

‘‘मी घट्टच धरतोय,’’ मी म्हणालो.

‘‘अजून घट्ट. घ्या, मी सांगते.’’

मी धरलं. दात आवळून, सगळा जीव मुठीत आणून धरलं. तिने माझ्या मनगटाला एका बोटाने हलकेच ढकललं आणि ते वाकलं. तिने बोट काढून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘आज राहू द्या.’’

बाहेर बाकावर बसलो. आयुष्यभर ज्या नियमावर पगार घेतला तो नियम समोर येऊन बसला होता. पिस्तूल तेच, गोळ्या त्याच, मॅगझिन तेच, जागा तीच. बदलली ती एकच गोष्ट. हे कोणीही नवशिका सांगेल की मग दोष कुठे आहे. मी हात उलटा करून पाहिला, बहुधा पहिल्यांदाच नीट. अंगठा आणि तर्जनीच्या मधला जो गुबगुबीत भाग असतो तो बसला होता, तिथे खोलगट झालं होतं. त्या खळग्यात आतल्या आत काहीतरी फडफडत होतं, माझ्या परवानगीशिवाय. मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. मी हात पँटच्या खिशात घातला, तर तो पटकन जाईना.

पुढचं दवाखान्याचं आहे आणि ते सगळ्यांचं सारखंच असतं. रांग, फाइल, पुन्हा रांग. हाताला विजेचे झटके दिले, मग सुया टोचून मशीनवर रेषा पाहिल्या. डॉक्टर मुलगी तरुण होती. ती तपासताना मी तिच्या हाताकडे पाहत होतो, तो किती सहज चालत होता. तिने दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी जीभ बाहेर काढायला सांगितली. बिघाड हातात आणि हे जीभ का पाहतात हे मला कळेना. त्यांना कळत होतं.

मोटर न्यूरॉनचा आजार, असं त्यांनी सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. कोणाचं हातापासून सुरू होतं, कोणाचं पायापासून. मग दुसरा हात, मग चालणं, मग गिळणं आणि बोलणं, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत साफ राहतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं.

‘‘औषध?’’ पत्नीने विचारलं.

‘‘एक गोळी आहे. थोडा वेग कमी होतो.’’

‘‘खाण्यात काय द्यायचं?’’

मोठ्या डॉक्टरांनी अंडी, डाळी, दूध अशी नावं सांगितली आणि ती मान डोलावत लक्षात ठेवू लागली. ती मान डोलावत होती तेव्हा मला इतकं एकटं वाटलं की मी खुर्चीचा हात धरला. डाव्या हाताने.

मला राग येतो. कोणावर येतो हे सांगता येत नाही आणि म्हणून तो जात नाही. ऐंशी वर्षांपूर्वी परक्या देशात, परक्या साहेबाच्या धाकाखाली, घाईत बनवलेली वस्तू. तिला नाशकात नवी स्प्रिंग मिळाली, जुनं मॅगझिन मिळालं. ती अजून पन्नास वर्षं चालेल. माझ्या हाताला काहीच मिळत नाही, कुठेच मिळत नाही, मी सगळीकडे विचारून पाहिलं. बिघाड सापडला की अर्धं काम झालं, असं मी मुलांना सांगायचो. इथे बिघाड सापडला आणि काम संपलं. लोक येतात, म्हणतात धीर धरा, अमक्याचं असंच होतं आणि तो बरा झाला. ते निघून गेले की मी दार लावायला उठतो आणि कडी लागत नाही. आशा वगैरे काही नाही. असल्यासारखं वागतो, पत्नीसाठी, आणि ती माझ्यासाठी वागते. दोघांनाही ते माहीत आहे, त्यामुळे घरात फार शांतता असते.

एके दिवशी ती ओट्याशी उभी राहून, माझ्याकडे न बघता, कांदा चिरता चिरता म्हणाली, ‘‘ते पिस्तूल घरात नको आता.’’

का, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तिच्या मनात काय होतं ते मला कळलं, आणि ते माझ्याही मनात एकदोनदा येऊन गेलं होतं हे तिला कळलं असावं. मी म्हणालो, उद्याच देतो. कांदा चिरून झाला होता तरी ती सुरी चालवत राहिली.

ज्या विक्रेत्याने स्प्रिंग बदलून दिली होती त्याच्याचकडे गेलो. पत्नी रिक्षात बसून राहिली, तिला असली दुकानं आवडत नाहीत. परवाना होता, अर्ज होता, सगळं तयार होतं. विक्रेता भला माणूस, त्याने मला बसायला खुर्ची दिली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, छर्ऱ्याची बंदूक पाहत होती.

‘‘रिकामं दाखवा काका,’’ तो म्हणाला.

हत्यार सोपवताना हा रिवाज असतो. ज्याचं हत्यार त्याने स्वतः मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून धरायची आणि आत गोळी नाही हे समोरच्याला दाखवायचं. त्याशिवाय घेणारा हात लावत नाही. मी हे शेकडो वेळा केलं आहे. रेंजवर न पाहता करायचो.

मॅगझिन काढलं, त्याला जरा वेळ लागला. मग उजव्या हाताने स्लाइड धरली आणि ओढली. ती नखभर सरकली आणि परत बसली. पुन्हा ओढली. बोटं पोलादावरून घसरून गेली. मी हात बदलला. डाव्याने ओढायचं तर उजव्याने मूठ धरायला हवी, आणि ती धरली जात नव्हती, पिस्तूल हातातल्या हातात फिरत होतं. मी ते पोटाशी दाबून धरलं. नळी जमिनीकडे राहील याची काळजी घेत होतो, तेवढं अजून डोक्यात होतं. कपाळावर घाम आला. छर्ऱ्याची बंदूक पाहणारी माणसं आता माझ्याकडे पाहत होती.

‘‘स्प्रिंग फार कडक बसवली तुमच्या माणसाने,’’ मी म्हणालो.

विक्रेत्याला माझ्या आजाराचं माहीत नव्हतं. पण त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि काउंटरच्या मागून उठून बाहेर आला. ‘‘हो काका, कडकच आहे जरा,’’ तो म्हणाला. ‘‘द्या, मी करतो.’’ आणि त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं, दोन बोटांनी स्लाइड मागे ओढली, आत पाहिलं आणि काचेवर ठेवलं. मग सहीसाठी पावतीपुस्तक पुढे सरकवलं, आणि लगेच परत ओढून घेऊन म्हणाला की अंगठा उठवला तरी चालेल.

मी अंगठा उठवला. त्याने तो स्वतःच धरून शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला, कारण मला तेवढा दाबता येत नव्हता.

बाहेर आलो. रिक्षावाल्याने मला दंडाला धरून आत बसवलं. पत्नीने माझ्या मोकळ्या हातांकडे पाहिलं.

‘‘दिलं?’’ तिने विचारलं.

मी मान हलवली. मान अजून हलते.